तळ्यांतील पीक आणि बांधापलीकडील खर्च

धान्य पेरावें, गुरें पाळावीं आणि मासे मात्र जाळें टाकून धरावे, हा जगाचा पिढ्यान् पिढ्यांचा क्रम होता. तो आतां पालटला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, २०२२ सालीं जगांत पाळून वाढविलेल्या जलचर प्राण्यांचें उत्पन्न ९ कोटि ४४ लक्ष टन झालें आणि तें पकडून आणलेल्या मासळीपेक्षां प्रथमच अधिक भरलें. या उत्पन्नांत पहिला क्रमांक चीनचा व दुसरा आपल्या देशाचा आहे. अर्थात् मासे, कोळंबी व शिंपले हें आतां शेतीचेंच एक पीक झालें असून, नवें पीक घेण्यापूर्वीं शहाणा शेतकरी जे प्रश्न विचारतो ते सर्व याही पिकासंबंधीं विचारले पाहिजेत.

हे प्रश्न विचारण्याची वेळ आपल्यावर आली आहे. कोंकणपट्टींतील खारजमिनीच्या मालकाकडे कोणी ना कोणी येऊन सांगतो कीं, 'भातांत काय ठेवलें आहे? खाचर खणून कोळंबीचें तळें करा, चार महिन्यांत पैसा दिसेल.' घाटावरील बागाईतदारास त्याच्या शेततळ्यांत मासे सोडण्याचा सल्ला मिळतो. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. पण दोन्ही गोष्टी एका मापानें मोजतां येत नाहींत. प्रस्तुत लेखकाची उमर महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. मासे पाळण्याचा धंदा त्यानें केलेला नाहीं. परंतु जमेची रक्कम पाहण्यापूर्वीं खर्चाचीं सर्व कलमें नोंदलीं आहेत कीं नाहीं हें पाहण्याची संवय त्या नोकरीनें लाविली. त्या दृष्टीनें या धंद्याचा देशोदेशींचा वृत्तांत वाचतां एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या तळ्याचा खर्च तळ्याच्या बांधाच्या आंत भागतो तें तळें टिकतें. ज्याचा खर्च बांधापलीकडे, म्हणजे खाडीवर, शेजाऱ्याच्या विहिरीवर व गांवावर ढकलला जातो, तें कांहीं वर्षें पैसा दाखवून बुडतें. हें कसें घडतें तें एकेका कलमानें पाहूं.

पाणी

उदाहरणादाखल एक हेक्टर क्षेत्राचें कोळंबीचें तळें घ्यावें. त्यांत १.२ मीटर खोल पाणी ठेवलें तर तें १ कोटि २० लक्ष लिटर होतें. दर चौरस मीटरास ४० याप्रमाणें ४ लक्ष पिलें सोडलीं, त्यांतील शेंकडा ८० जगलीं व प्रत्येक कोळंबी २० ग्रॅम वजनाची झाली, तर सुमारें ६,४०० किलो माल निघेल. एक किलो कोळंबीस १.४ किलो खाद्य धरिलें तर सुमारें ९,००० किलो खाद्य तळ्यांत पडेल. त्या खाद्यांत शेंकडा ३५ भाग प्रथिनें आहेत असें धरल्यास त्यांतून सुमारें ५०० किलो नत्र पाण्यांत जातें. कोळंबीच्या अंगीं लागून तिच्याबरोबर बाहेर निघणारें नत्र २०० किलोंच्या आंत असतें. राहिलेल्या ३०० किलोंचें काय होतें? कांहीं हवेंत उडून जातें, आणि बाकीचें पाण्यांत व तळच्या चिखलांत राहतें. हें नत्र ४५ किलोंच्या गोणीच्या हिशेबानें युरियाच्या चौदा गोण्यांइतकें आहे. एका हेक्टराच्या भातखाचरांत एका पिकास चौदा गोण्या युरिया कोणी घालणार नाहीं. तळ्यांत मात्र तो न दिसतां पडतो.

या नत्रामुळें पाण्यांत बारीक शेवाळ माजतें. दिवसा सूर्यप्रकाशांत तें प्राणवायु सोडतें, पण रात्रीं स्वतःच प्राणवायु खातें. म्हणून पहांटेच्या सुमारास मासे पृष्ठभागीं येऊन तोंड उघडतांना दिसतात. तळचा चिखल कुजूं लागला म्हणजे त्यांतून अमोनिया व सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायु निघतो, आणि प्राणी अशक्त होऊन रोगास बळी पडतो. यावर उपाय म्हणून मालक यंत्राचे पंखे लावून पाणी घुसळतो, खाद्य तोलून देतो आणि घाण पाणी बाहेर सोडून नवें घेतो. शेवटचा उपाय सर्वांत सोपा, आणि सर्व दुःखाचें मूळही तेथेंच आहे. बाहेर सोडलेलें पाणी खाडींत जातें, आणि त्याच खाडींतून खालचा शेजारी आपल्या तळ्यांत पाणी घेतो. जेथें एकच खाडी पन्नास तळ्यांची विहीर आणि तीच त्यांची मोरी असते, तेथें एकाच्या तळ्यांतील रोग पंधरा दिवसांत सर्वांच्या तळ्यांत पोंचतो. पांच हेक्टरांहून मोठ्या कोळंबी प्रकल्पानें बाहेर जाणारें पाणी निवळविण्याची सोय केली पाहिजे असा नियम आहे तो याचसाठीं. लहान तळ्यांच्या मालकांनीं असें निवळतळें समाईक बांधलें तर खर्च वांटला जातो व सर्वांचेंच रक्षण होतें.

गोड्या पाण्यांतील कटला, रोहू व मृगळ यांची गोष्ट पुष्कळ निराळी आहे. कटला वरच्या थरांतील सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरांत चरतो आणि मृगळ तळचा कुजका पाला व गाळ यांवर राहतो. तिन्ही एकत्र सोडले म्हणजे एकाच तळ्यांत तीन पिकें निघतात, आणि शेणखत व थोडी पेंड-कोंडा यांवर काम भागतें. येथें नत्र हा शत्रु नसून शेवाळाच्या रूपानें माशाचें अन्नच असतो. तळ्याचा गाळ उन्हाळ्यांत काढून शेतांत घातला तर तो उत्तम खत होतो. कोळंबीच्या खाऱ्या तळ्यांतील गाळ मात्र शेतांत घालतां येत नाहीं, कारण त्यांत मीठ असतें. हा एक फरक लक्षांत ठेवला तरी दोन धंद्यांची जात निराळी आहे हें समजून येईल.

बीं व खाद्य

पुष्कळ काळपर्यंत माशांचें बीं नदींतून व खाडींतून धरून आणावें लागे. डॉ. हिरालाल चौधुरी व त्यांचे सहकारी यांनीं १० जुलै १९५७ रोजीं ओडिशांतील अंगुल येथें, माशाच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोंचून, तळ्यांत कोंडलेल्या माशाकडून अंडीं घालविलीं. तेव्हांपासून कटला-रोहूचें शुद्ध बीं हवें तेव्हां मिळूं लागलें, आणि नदीवरचा भार कमी झाला. हा दिवस आपल्या देशांत मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो.

कोळंबीच्या बाबतींत हें उशिरां घडलें. बंगालच्या सुंदरबनांत हजारों गरीब बायका व मुलें कमरेइतक्या खाऱ्या पाण्यांत बारीक जाळीं ओढून टायगर कोळंबीचीं पिलें वेंचीत. जाळ्यांत एका पिलामागें इतर जातींच्या मासळीचीं असंख्य पिलें येत, आणि तीं निवडून कांठावर टाकलीं जात. पिलें विकणाऱ्यास त्या दिवशीं चार पैसे मिळाले. पण पुढच्या वर्षीं त्याच खाडींत जाळें टाकणाऱ्या कोळ्याची मासळी त्यांतच नाहींशी झाली. तळेंवाल्याच्या वहींत हें नुकसान कोठेंच लिहिलें जात नाहीं. म्हणून बीं नेहमीं सरकारमान्य पैदासकेंद्रांतून, तपासणीचा दाखला पाहून घ्यावें. खाडींतून ओढून आणलेलें बीं स्वस्त दिसतें इतकेंच.

खाद्याची गोष्ट अशीच आहे. कोळंबी व जिताडा यांस मांसान्न लागतें. त्यांच्या खाद्यांत तारलीसारख्या स्वस्त मासळीची व जाळ्यांत आलेल्या लहानसहान पिलांची कुटी पडते. गरिबाच्या ताटांतील मासळी दळून श्रीमंताच्या ताटांतील कोळंबी करावयाची, असा हा व्यवहार होतो. समुद्रांत तारली कमी झाली कीं कुटीचा भाव चढतो आणि तळ्याच्या मालकासही तो बोंचतो. म्हणून पाळावयाचा प्राणी काय खातो हा प्रश्न केवळ दयेचा नाहीं, किफायतीचाही आहे. जो प्राणी शेवाळ, पाला व कोंडा यांवर वाढतो त्याचा पालक परक्याच्या भावावर कमी अवलंबून असतो.

जमीन

खाडीकांठीं तिवर व कांदळ यांचीं झाडें आहेत ती जमीन फुकट पडलेली आहे असें पुष्कळांस वाटतें. तीं झाडें लाटांचा मारा आपल्या अंगावर घेऊन बांध राखतात, आणि त्यांच्या मुळांच्या जाळ्यांत मासे व कोळंबी यांचीं पिलें वाढतात. शिवाय या जमिनीच्या पोटांत एक धोका असतो. तेथील काळ्या चिखलांत लोह व गंधक यांचा संयोग पाण्याखालीं निमूट पडलेला असतो. तळें खणून तो चिखल हवेंत उघडा पडला म्हणजे त्यापासून गंधकाम्ल तयार होतें, आणि प्रत्येक पावसांत बांधावरून तें तळ्यांत उतरतें. कितीही चुना घातला तरी अशीं तळीं थोड्याच वर्षांत आंबट होऊन सोडून द्यावीं लागल्याचीं उदाहरणें आग्नेय आशियांत जागोजाग आहेत. गेलेलें कांदळवनही परत येत नाहीं. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं महाराष्ट्रांतील कांदळवनें तोडण्यास व त्यांच्या भोंवतालच्या ५० मीटरांत बांधकाम करण्यास बंदी कायम केली. तेव्हां आतां तो मार्ग कायद्यानेंही बंद आहे.

भातखाचरांत खारें तळें केल्यास मीठ तळ्याच्या बांधांत कोंडून राहत नाहीं. तें पाझरून शेजारच्या खाचरांत उतरतें व भात पिवळें पडून लोंब्या फोल राहतात. ज्या जमिनीचें मीठ पावसाच्या पाण्यानें धुऊन काढावयास बापजाद्यांस वर्षें लागलीं, तींत तें पुनः भरावयास दोन हंगाम पुरतात. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्रानें खाऱ्या जमिनींत तग धरणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत, पण त्यांनाही मर्यादा आहे.

तळ्यांतील खारेपणा कमी करण्यासाठीं पंपानें भूगर्भांतील गोडें पाणी उपसून मिसळण्याची एक पद्धत होती. तैवानांत ती फार चालली. परिणाम असा झाला कीं, पोटांतलें पाणी गेल्यानें किनाऱ्याची जमीनच खचली. पिंगतुंग प्रांतांत ती कांहीं ठिकाणीं दोन मीटरांहून अधिक खालीं गेली, आणि भरतीचें पाणी गांवांत शिरूं लागलें. तळीं करणारांनीं पाण्याचें मोल पंपाच्या खर्चापुरतेंच मोजलें होतें.

पैसा

कोळंबीचा पैसा जलद येतो हें खरें, जातोही तसाच. १९८७ सालीं तैवान देश पाळीव कोळंबींत जगांत अग्रभागीं होता. दाट साठवण, घाण पाणी व रोग यांमुळें दुसऱ्याच वर्षीं त्याचें उत्पन्न सुमारें एक-तृतीयांशावर आलें. आपल्याकडे १९९० च्या सुमारास आंध्र व तामिळनाडूच्या किनाऱ्यावर टायगर कोळंबीचीं तळीं भराभर निघालीं. १९९४-९५ मध्यें पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुरोग आला. अंगावर पांढरे ठिपके दिसल्यापासून चार-आठ दिवसांत संबंध तळें मरे, आणि यावर औषध तेव्हां नव्हतें व आजही नाहीं. कर्ज काढून तळीं खणलेले कित्येक मालक जमिनीस मुकले.

पुढें २००९ सालीं सरकारनें अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरील व्हनामी जातीची पांढरी कोळंबी पाळण्यास परवानगी दिली. तिचे जनक परदेशांतून आणून चेन्नई येथें विलग ठेवून तपासण्याची व्यवस्था केली, आणि साठवणीस दर चौरस मीटरास ६० पिलांची मर्यादा घातली. ही जात रोगमुक्त बियाण्याची असल्यानें धंदा पुनः उभा राहिला, व आज आपल्या देशाची निर्यात मुख्यतः तिचीच आहे. परंतु 'रोगमुक्त' याचा अर्थ 'रोग न होणारी' असा नव्हे, हें मालकांनीं नीट समजून घ्यावें. बीं निरोगी आलें तरी घाण पाण्यांत तें रोगी होतेंच. थायलंड देशांत याच जातीस एका नव्या जंतुरोगानें गांठलें, तेव्हां २०११ नंतरच्या दोन-तीन वर्षांत तेथील उत्पन्न सुमारें निम्म्यावर आलें.

रोगास भिऊन तळ्यांत मनुष्याचीं औषधें टाकण्याचा मोह होतो. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या औषधांस बंदी आहे. मालांत त्यांचा अंश सांपडला तर परदेशीं बंदरांतून तो परत येतो, आणि एका मालकाच्या चुकीनें साऱ्या देशाच्या मालाकडे संशयानें पाहिलें जातें.

भाव आपल्या हातांत नाहीं, ही दुसरी अडचण. भात विकलें नाहीं तर कणगींत राहतें. कोळंबी तळ्यांत ठेवावी तर रोज खाद्य व वीज खाते, आणि काढावी तर त्याच दिवशीं विकावी लागते. गिऱ्हाईक समुद्रापलीकडे. ऑगस्ट २०२५ मध्यें अमेरिकेनें आपल्या देशाच्या मालावर एकूण शेंकडा ५० पर्यंत जादा जकात बसविली, तेव्हां तिची झळ आंध्रांतील तळ्याच्या कांठापर्यंत पोंचली. जकाती बसतात व उठतात. पण जो मालक संबंध जमीन एका मालावर व एका गिऱ्हाइकावर लावतो, त्यास त्या उठेपर्यंत दम धरवत नाहीं.

गांव

आतां शेवटचें कलम. एस. जगन्नाथ नांवाच्या तामिळनाडूंतील सर्वोदयी कार्यकर्त्यानें १९९४ सालीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. कोळंबीच्या तळ्यांनीं विहिरी खाऱ्या झाल्या, भातजमिनी गेल्या, मजुरांचें काम गेलें व कोळ्यांची समुद्रावर जाण्याची वाट अडली, असें त्याचें म्हणणें होतें. न्यायालयानें नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून प्रत्यक्ष पाहणी करविली. आंध्र व तामिळनाडू या दोन राज्यांत धंद्यापासून होणाऱ्या उत्पन्नापेक्षां त्यानें केलेलें नुकसान अधिक आहे, असा त्या संस्थेचा निष्कर्ष होता. ११ डिसेंबर १९९६ रोजीं न्यायमूर्ति कुलदीप सिंह व न्यायमूर्ति सगीर अहमद यांनीं निकाल दिला. पारंपरिक पद्धतीचीं तळीं सोडून किनारा-नियमन पट्ट्यांतील तळीं मोडावीं, शेतजमीन, मिठागरें, कांदळवनें व गांवची समाईक जमीन तळ्यांसाठीं वापरूं नये, काम जाणाऱ्या मजुरांस सहा वर्षांच्या मजुरीइतकी भरपाई द्यावी, आणि ज्यानें घाण केली त्यानेंच ती काढण्याचा खर्च सोसावा, अशीं त्याचीं मुख्य कलमें होतीं.

धंदेवाल्यांनीं फेरविचाराचे अर्ज केले, अंमलबजावणी थांबली, आणि २००५ सालीं संसदेनें किनारी जलचरपालन प्राधिकरणाचा कायदा केला. त्यान्वये नोंदणी सक्तीची झाली. २०२३ सालीं या कायद्यांत दुरुस्ती होऊन कैदेच्या जागीं दंड आला, आणि पिंजऱ्यांतील मासे, शिंपले व समुद्रशेवाळ यांची लागवडही त्याच्या कक्षेंत आली. निकाल कितपत अमलांत आला याविषयीं मतभेद असोत. पण त्यांत विचारलेला प्रश्न आजही तसाच उभा आहे. एका हेक्टराच्या भातास लावणीपासून झोडणीपर्यंत जितके हात लागतात तितके तळ्यास लागत नाहींत. दोन राखणदार व एक पंपवाला पुरतो. गांवांतील ज्यास जमीन नाहीं त्याचें पोट त्या हातांवर असतें. खाडींत तिसऱ्या व खुबे वेंचणाऱ्या बायांची वाट तळ्याच्या कुंपणानें बंद होते. त्या मंडळींचा रोष ओढवून घेतलेलें तळें रात्रीं राखणें कठीण जातें, हा अनुभव किनाऱ्यावर सर्वत्र आहे.

खारजमीन ही एकट्याची कधींच नव्हती, हें आपलें जुनें दप्तरही सांगतें. कुलाबा जिल्ह्यांत शिलोत्री वहिवाट होती. खाडी अडवून बाहेरचा बांध घालणाऱ्यास व तो दुरुस्त ठेवणाऱ्यास त्या बांधाआडच्या शेतांतून धान्याच्या रूपानें हक्क मिळे. मुंबई सरकारनें १९४८ सालीं व महाराष्ट्र सरकारनें १९७९ सालीं खारजमिनींचे कायदे केले त्यांच्या मुळाशींही हेंच तत्त्व आहे कीं, बांध एक तर सर्वांचा राहील, नाहीं तर कोणाचाच राहणार नाहीं.

गोव्यांतील खाजणांचा इतिहास या बाबतींत मोठा बोधक आहे. तेथें गांवकरी संस्थेच्या देखरेखीखालीं बांध असे, बांधांत 'मानस' म्हणून लांकडी दरवाजा असे, आणि भरती-ओहोटीबरोबर तो आपोआप मिटे व उघडे. आंत कोरगुटासारखें खारें सोसणारें भात होई, आणि मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलांवानें दिला जाई. लिलांवाचा पैसा बांधाच्या दुरुस्तीस लागे. भात, मासे व बांध यांची अशी तिहेरी गांठ होती. १९६४ च्या कूळकायद्यानंतर व्यवस्था बदलली. मासळीचा भाव जसजसा वाढला तसतसा कित्येक ठिकाणीं लिलांव घेणारा मानस हवी तेवढी उघडी ठेवून खारें पाणी आंत घेऊं लागला. माशांचा पैसा वाढला, भात गेलें, बांधाकडे पाहणारा कोणी उरला नाहीं, आणि बांध फुटल्यावर भात व मासे दोन्ही गेलीं. आंध्रांतील कोल्लेरू सरोवरांतही तेंच झालें. लोकांनीं सरोवराच्या पोटांत मासळीचे बांध घातले. पाणी अडून वरच्या गांवांत पूर येऊं लागले. आणि अखेर २००६ सालीं सरकारला तेथील बेकायदा तळीं मोडावीं लागलीं.

टिकलेले धंदे

या सर्वांवरून मासे पाळूं नयेत असा अर्थ कोणी काढूं नये. शेकडों वर्षें टिकलेलीं उदाहरणेंही आपल्याच देशांत आहेत. केरळांत एर्णाकुलम् व शेजारच्या जिल्ह्यांत पोक्काळी पद्धत आहे. पावसानें जमिनीचें मीठ धुतलें म्हणजे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत उंच वाढणारें भात घेतात, आणि कापणीनंतर एप्रिलपर्यंत त्याच शेतांत भरतीबरोबर कोळंबी येऊं देतात. भाताचे धसकट कुजून कोळंबीचें अन्न होतें, आणि कोळंबीची घाण भाताचें खत होते. विकतचें खाद्य व खत फार थोडें. तेथेंही कोळंबीचा मक्तेदार पाणी वेळेवर काढीत नसल्याची तक्रार आहे व क्षेत्र घटत चाललें आहे. परंतु दोष पद्धतीचा नसून ती मोडण्याचा आहे.

कलकत्त्याच्या पूर्वेस शहराचें सांडपाणी उथळ तळ्यांत खेळवून त्यावर मासे वाढवितात. सूर्यप्रकाश व शेवाळ यांनीं पाणी निवळतें, शहरास मासळी मिळते आणि खालच्या शेतांस पाणी मिळतें. १२,५०० हेक्टरांच्या या प्रदेशास २००२ सालीं आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जमीन म्हणून मान्यता मिळाली.

आपल्या रायगड जिल्ह्याच्या खारेपाटांत घरोघरच्या तळ्यांत पावसाचें पाणी साठवून दोन-चार जिताडे वाढविण्याची चाल जुनी आहे. जिताडा मांसाहारी खरा, पण थोडे असल्यामुळें ते तळ्यांतील लहान मासळीवरच वाढतात. साहेबाच्या घरीं जिताडा पोंचला म्हणजे काम लवकर होतें, असें लोक गमतीनें म्हणत. तेवढा भाग सोडून ही चाल अनुकरणीय आहे.

शिंपल्यांची शेती ही या सर्वांत निरुपद्रवी होय. हिरव्या शिंपल्यांस, ज्यांस गोव्यांत शिनाणे म्हणतात, व कालवांस खाद्य घालावें लागत नाहीं. तीं पाणी गाळून त्यांतील सूक्ष्म जीव खातात व पाणी उलट स्वच्छ करितात. पावसाळा संपतांच खडकांवरील बारीक शिंपले आणून दोराभोंवतीं सुती जाळीच्या कापडांत गुंडाळतात. कांहीं दिवसांत कापड कुजून जातें, तोंपर्यंत शिंपल्यांनीं आपल्या तंतूंनीं दोरास घट्ट धरलेलें असतें. बांबूच्या मांडवास हे दोर खाडींत लोंबत ठेवितात. पावसाच्या गोड्या पाण्यानें शिंपले मरतात, म्हणून मेअखेर माल काढावा लागतो. केरळांत कासरगोड जिल्ह्यांत १९९० नंतरच्या दशकांत बायकांच्या बचतगटांनीं हा धंदा हातीं घेतला. जमीन नसलेल्यांस करतां येण्याजोगा हा धंदा आहे, हें त्याचें विशेष महत्त्व. सावधगिरी एकच : जें प्राणी पाणी गाळतात तें घाणही गाळून पोटांत ठेवितात. गटाराच्या किंवा कारखान्याच्या पाण्याजवळचे शिंपले खाणारास विष होतात, आणि विक्रीपूर्वीं ते स्वच्छ पाण्यांत ठेवून शुद्ध करणें अवश्य आहे.

तळें खणण्यापूर्वीं विचारावयाचे प्रश्न

१. जमीन कोणत्या जातीची आहे? सातबारावर भात असलेली किंवा कांदळ उगवलेली जमीन खाऱ्या तळ्यास घेऊं नये. पड खारवट जमीन असेल तरच विचार करावा, आणि प्राधिकरणाची नोंदणी व चालू नियम आधीं पहावे.

२. पाणी कोठून येणार व कोठें जाणार? दोन्ही उत्तरें एकच खाडी असेल तर निवळतळ्यावांचून आरंभ करूं नये.

३. प्राणी काय खातो? शेवाळ व कोंडा खाणारा स्वस्त, मासळीची कुटी खाणारा महाग.

४. बीं कोठून आणणार, व त्याची तपासणी झाली आहे काय?

५. एक संबंध पीक मेलें तर कर्जाचा हप्ता कशांतून देणार? याचें उत्तर नसेल तर साठवण निम्मी करावी, किंवा बेत सोडावा.

६. गोड्या विहिरी व शेजारचीं खाचरें किती अंतरावर आहेत? दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं व नंतर त्या विहिरींच्या पाण्याचा खारेपणा तपासून नोंद ठेवावी. भांडण उद्भवल्यास ती नोंद दोघांच्याही उपयोगी पडते.

७. बाहेरच्या बांधाचा खर्च कोण देणार? तळ्याच्या उत्पन्नांतून बांधाचा वांटा आधीं बाजूस काढावा व तो गांवच्या संस्थेकडे भरावा.

गोड्या पाण्याच्या शेततळ्यांत कटला-रोहू सोडूं इच्छिणाऱ्या घाटावरील बांधवांस यांपैकीं तिसरा, चौथा व पांचवा हे प्रश्न पुरेसे आहेत. त्यांनीं निःशंकपणें आरंभ करावा. खाडीकांठच्या बांधवांनीं मात्र सातही प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून काढावीं, आणि तीं शेजारच्या चार खातेदारांस वाचून दाखवावीं. त्यांपैकीं एकाचाही आक्षेप राहिला तर त्याचें समाधान होईपर्यंत कुदळ मारूं नये. कारण खारें पाणी सातबारावरील हद्दी ओळखीत नाहीं, आणि एकदां खाऱ्या झालेल्या खाचराचा सारा माफ झाला तरी भात परत येत नाहीं.